वाळवंटातले खरबूज आणि पांढरी माशी : प्रस्तावना

ऑक्टोबरच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियातल्या इम्पीरियल व्हॅलीत खरबुजाच्या शेताकडे लांबून पाहिले, तर पीक निरोगी वाटते. वेलींचे शेंडे हिरवेगार, फुले चालू, फळांवर जाळी धरलेली. वेल जरा उचलून बुंध्याकडची पाने पाहिली की पिवळेपणा दिसू लागतो. शिरा हिरव्या, शिरांमधला भाग पिवळा, पान जाडसर आणि दुमडले तर कडकन मोडणारे. मॅग्नेशियम कमी पडले असावे, अशी कुणाचीही समजूत व्हावी. फळ कापून चाखले की खरा प्रकार कळतो. आकार ठीक, जाळी ठीक, पण गोडी भरलेलीच नाही. विषाणूने पानातून फळाकडे साखर नेणाऱ्या अन्नरसवाहिन्यांतच मुक्काम केलेला असतो. तो तिथे शिरला तीन-चार आठवड्यांपूर्वी, आणि शेतकऱ्याला तो आज दिसतो आहे. आता फवारा हातात घेणे म्हणजे बैल गेला नि झोपा केला.

हा तीन-चार आठवड्यांचा काळ या सगळ्या विषयाच्या मध्यभागी आहे. कीटकांनी पसरवलेल्या विषाणूंवर औषध नसते, हे आपण शाळेपासून ऐकत आलो. त्याचा अर्थ मात्र बहुतेक पुस्तके पुरता लावत नाहीत. औषध नाही याचा अर्थ, जे काही करायचे ते रोग दिसण्याआधी करायचे, आणि त्यातले बरेचसे तर पेरणीच्याही आधी. एवढेच नव्हे, त्यातला मोठा वाटा आपल्या शेताबाहेर, शेजाऱ्याच्या कपाशीत, पलीकडच्या लसूणघासात आणि कालव्याच्या काठच्या तणात करायचा असतो. या पुस्तकातले लेख वेगवेगळ्या अभ्यासकांचे आहेत आणि काही मुद्द्यांवर त्यांच्यात मतभेदही आहेत. पण विषाणूचे व्यवस्थापन एका शेताच्या बांधाआत होत नाही, या एका बाबतीत सगळे एकमताचे आहेत, आणि हे पुस्तक त्याच भूमिकेवर उभे आहे.

आधी प्रदेश समजून घ्यावा लागेल. इम्पीरियल व्हॅली, शेजारचे ॲरिझोनातले युमा आणि सीमेपलीकडची मेक्सिकोची सोनोरा हे तिन्ही मिळून एकच वाळवंट आहे. पाऊस वर्षाला 75 मिलिमीटरच्या आसपास, उन्हाळ्यात पारा 45 अंशांपलीकडे. इम्पीरियल व्हॅलीचा मोठा भाग समुद्रसपाटीच्या खाली आहे. इथली शेती कोलोरॅडो नदीच्या पाण्यावर चालते. 1901 मध्ये हे पाणी पहिल्यांदा खोऱ्यात आले आणि 1940 पासून ऑल-अमेरिकन कालव्याने येऊ लागले. कोरडी हवा, भरपूर ऊन आणि हुकमी पाणी ही खरबुजाला मानवणारी परिस्थिती. पानावर ओल टिकत नाही, म्हणून ओलाव्यावर वाढणाऱ्या बुरशींचा त्रास कमी, आणि उन्हामुळे गोडी भरपूर.

पण जे खरबुजाला मानवते तेच रसशोषक किडीलाही. मूळ वाळवंटात पांढऱ्या माशीला वर्षातले कित्येक महिने खायला काही मिळाले नसते. कालव्याने ती उपासमार संपवली. हिवाळ्याच्या शेवटी लावलेले खरबूज मे-जूनमध्ये काढणीला येते, तोवर कपाशी वाढलेली असते. कपाशी जून होईपर्यंत जुलै-ऑगस्टमध्ये लावलेले शरद हंगामाचे खरबूज कोवळे असते. ते संपायच्या आत लेट्यूस आणि कोबीवर्गीय भाज्या उगवतात. या सगळ्याच्या बाजूला लसूणघास बारमाही. खो-खोत एक खेळाडू दुसऱ्याला खो देतो तसे एक पीक पुढच्या पिकाला माशी देत जाते. उन्हाळ्यात अंड्यापासून प्रौढ माशी व्हायला दोन-तीन आठवडे पुरतात, हे लक्षात घेतले म्हणजे वसंतात विरळ दिसणारी माशी ऑगस्टच्या शेवटी ढगासारखी का उठते ते कळते. म्हणूनच त्याच शेतात, त्याच वाणावर, वसंतातले खरबूज बरेचसे निभावते आणि शरदातले पिवळे पडते.

या प्रदेशाचा रोगांशी संबंध जुना आहे. 1916 मध्ये डूलिटल आणि जॅगर या दोघांनी अमेरिकेत काकडीच्या मोझॅकचे पहिले वर्णन स्वतंत्रपणे प्रसिद्ध केले. मावा हा त्याचा वाहक. त्यांपैकी आयव्हन जॅगर पुढे खरबुजाच्या कामात आले. 1925 मध्ये इम्पीरियल व्हॅलीत भुरी रोगाने खरबुजाचे पीक धोक्यात आणले, तेव्हा त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधलेली प्रतिकारशक्ती भारतातून आलेल्या बियांत सापडली. तिच्यातून तयार झालेला पीएमआर 45 हा वाण 1936 मध्ये बाहेर पडला. 1938 पर्यंत त्याच्यावर मात करणारी भुरीची नवी जात नोंदली गेली होती. भुरी हा बुरशीचा रोग, म्हणून तो आपल्या विषयाबाहेरचा. पण पुढच्या नव्वद वर्षांत विषाणूंच्या बाबतीत जे घडले त्याचा आराखडा इथेच दिसतो. दूरच्या देशातली देशी बी, तिच्यातला एखादा जनुक, वाणाचे यश आणि मग रोगाची पुढची चाल.

कीटकवाहक विषाणूंच्या अभ्यासात दोन प्रवाह लवकरच वेगळे झाले. एक माव्याचा. काकडीचा मोझॅक, टरबुजाचा मोझॅक, पपईच्या रिंगस्पॉटचा काकडीवर्गीय प्रकार आणि 1973 मध्ये इटलीत सापडलेला झुकिनीचा पिवळा मोझॅक हे सगळे या गटातले. हे विषाणू माव्याच्या सोंडेच्या टोकाशी चिकटतात. रोगट पानात सोंड टेकवून चव घ्यायला काही सेकंद लागतात, आणि तेवढ्यात विषाणू उचलला जातो. पुढच्या झाडावर तो तेवढ्याच वेळात उतरतोही. कीटकनाशकाने मावा मरतो खरा, पण मरायच्या आधी त्याचे काम झालेले असते. या गटापुढे रसायन जवळजवळ निरुपयोगी ठरले आणि अभ्यासकांना दुसऱ्या दिशेने विचार करावा लागला. चंदेरी परावर्तक मल्चिंग, खनिज तेलाची फवारणी, आणि फ्रान्समध्ये हर्वे लकोक व मिशेल पित्रा यांनी अभ्यासलेला व्हॅट हा जनुक त्यातून पुढे आले. हा जनुक झाडाला कपाशीवरच्या माव्याविरुद्ध संरक्षण देतो आणि त्या माव्याने आणलेला विषाणूही रोखतो. मावा तोच विषाणू दुसऱ्या वाणावर सहज सोडतो, व्हॅट असलेल्या झाडावर मात तो रुजत नाही. वनस्पतिरोगशास्त्रातल्या इतक्या देखण्या गोष्टी फार थोड्या आहेत.

दुसरा प्रवाह पांढऱ्या माशीचा, आणि वाळवंटात हाच मुख्य. इथे माशीला सोंड अन्नरसवाहिनीपर्यंत न्यावी लागते, तास-दोन तास बसावे लागते. एकदा घेतलेला विषाणू तिच्याजवळ काही दिवस टिकतो. म्हणजे इथे कीटकनाशकाला थोडा वाव आहे, आणि या थोड्या वावानेच कित्येक वर्षे सगळ्यांची दिशाभूल केली.

1981 मध्ये वाळवंटात पांढऱ्या माशीचा मोठा उद्रेक झाला आणि लेट्यूस, शुगरबीट व खरबूज पिवळे पडले. स्क्वॉश लीफ कर्लही याच सुमाराचा. कॅलिफोर्नियातल्याच सॅलिनासच्या संशोधन केंद्रातले जेम्स डफस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या पिवळेपणामागचा विषाणू वेगळा केला आणि त्याला लेट्यूस इन्फेक्शस यलोज हे नाव दिले. दहा वर्षे त्याचा बीमोड कसा करायचा यावर डोकेफोड झाली. मग 1990 च्या सुमारास पांढऱ्या माशीचा एक नवा प्रकार आला. तेव्हा त्याला बी बायोटाइप म्हणत, आता तो मीम-1 या नावाने ओळखला जातो. पॉइन्सेटियासारख्या शोभेच्या झाडांच्या व्यापारातून तो अमेरिकेत पसरला होता. त्याने जुन्या माशीला हुसकावले. 1991 च्या शरदात नुसत्या रस शोषण्याने आणि चिकट्याने इम्पीरियल व्हॅलीतले खरबूज जवळजवळ संपूर्ण गेले. आणि त्याच वेळी लेट्यूस इन्फेक्शस यलोज नाहीसा होऊ लागला, कारण नव्या माशीला तो वाहून नेणे नीट जमतच नव्हते. माणसाच्या कोणत्याही उपायाने न हटलेला विषाणू वाहक बदलताच हटला. विषाणू, माशी, झाड आणि परिसर यांतला कोणताही एक धागा सुटा ओढता येत नाही, हे दाखवायला याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

त्यानंतर आले इमिडाक्लोप्रिड. ठिबकमधून मुळाशी दिलेल्या या औषधाने नव्वदच्या दशकाच्या मध्यापासून माशी आटोक्यात आली आणि प्रश्न सुटल्यासारखा वाटला. दरम्यान 1982 मध्ये संयुक्त अरब अमिरातीत दिसलेला एक विषाणू जगभर फिरत होता. त्याचे नाव कुकर्बिट यलो स्टंटिंग डिसऑर्डर, आणि पुस्तकात तो सीवायएसडीव्ही या आद्याक्षरांनी येतो. जॉर्डन, तुर्कस्तान, इस्रायल, स्पेनमधले अल्मेरिया, मग टेक्सासची सीमा. 2006 च्या शरदात तो इम्पीरियल व्हॅली, युमा आणि सोनोरा या तिन्ही ठिकाणी एकाच हंगामात सापडला. मीम-1 माशी त्याला उत्तम वाहून नेते. इमिडाक्लोप्रिडने माशी मरत होती, पण मरण्याआधी बसून रस घेत होती, आणि शेजारच्या शेतांतून नव्या माश्या रोज येत होत्या. माशीची संख्या पिकाला सोसेल इतकी खाली आणणे आणि विषाणू थांबवणे ही दोन वेगळी कामे आहेत, हे तेव्हा लख्ख कळले. पिकाच्या नुकसानीसाठी ठरवलेली माशीची मर्यादा विषाणूच्या बाबतीत काहीच सांगत नाही.

सुरुवातीला समजूत अशी होती की सीवायएसडीव्ही फक्त काकडीवर्गीय पिकांत राहतो. मग हिवाळ्यात खरबूज नसताना तो जातो कुठे? विल्यम विंटरमँटेल आणि सहकाऱ्यांनी वाळवंटातली पिके आणि तणे तपासली, तेव्हा तो लसूणघासात, लेट्यूसमध्ये, घेवड्यात आणि आपल्या चिरबोटीच्या जातकुळीतल्या एका रानटी तणात सापडला. या तणावरून माशी विषाणू फार सहज उचलते. लसूणघासाचा वाफा पिवळा दिसत नाही, कालव्याच्या कडेचे तण कुणी पाहत नाही, आणि साठा तिथेच जपला जातो.

माशी किती दूर जाते, हा दुसरा कळीचा प्रश्न. युमाला डेव्हिड बर्न यांच्या गटाने खरबुजाच्या शेतातल्या माश्यांवर चमकणारी रंगीत भुकटी उडवली आणि आजूबाजूला सापळे मांडले. भुकटी लागलेल्या माश्या 2.7 किलोमीटरवरच्या सापळ्यातही मिळाल्या. तीन मिलिमीटरही लांबी नसलेला हा कीटक वाऱ्यावर तीन किलोमीटरच्या आसपास जात असेल, तर एका शेतकऱ्याने आपल्या दहा एकरांवर काय फवारले याला अर्थ किती उरतो? आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी अशी त्याची गत होते.

परिसराच्या पातळीवरच्या व्यवस्थापनाला बळ मिळाले ते या निष्कर्षांमुळे. इस्रायलच्या अरावा वाळवंटात उन्हाळ्यात काही काळ भाजीपाला न ठेवण्याची शिस्त पाळली गेली. डोमिनिकन रिपब्लिकमध्ये नव्वदच्या दशकात टोमॅटोसाठी कायद्याने यजमान पिकांचा खंड लागू केला आणि पांढऱ्या माशीने येणारा पर्णगुच्छ आवाक्यात आला. ॲरिझोनात 2003 मध्ये कपाशी, खरबूज आणि भाजीपाला या तिन्ही पिकांच्या शेतकऱ्यांसाठी मिळून एक मार्गदर्शिका तयार झाली. एकाच गटाचे कीटकनाशक कुठल्या पिकावर, किती वेळा वापरायचे हे ती त्या परिसरात कोणती पिके आहेत यावरून ठरवते. कपाशीवाल्याने खरबूजवाल्यासाठी एक औषध राखून ठेवायचे, असा त्याचा सरळ अर्थ. कागदावर हे सोपे वाटते. प्रत्यक्षात बाजारभाव वेगळे, काढणीच्या तारखा वेगळ्या, जमिनीचे मालक वेगळे. काढणी झाल्यावर वेली लगेच नांगरून टाकाव्यात, हा सर्वात स्वस्त आणि परिणामकारक उपाय. पण भाव पडला की शेत तसेच सोडून दिले जाते, आणि त्या सोडलेल्या वेलींवर पुढच्या हंगामाची माशी पोसली जाते. पुस्तकातला याविषयीचा भाग मला सर्वात मोलाचा वाटतो, कारण तिथे किडीपेक्षा माणसांच्या व्यवहाराची चर्चा अधिक आहे.

भौतिक अडथळ्यांची शाखा याहून सुटसुटीत आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. अरावात आणि अल्मेरियात बारीक विणीच्या जाळीची शेडनेटगृहे आहेत, उघड्या शेतात क्रॉप कव्हर. अडचण एकच, पण ती टाळता येत नाही. खरबुजाला मधमाशी लागते. मादी फुले उमलू लागली की आच्छादन काढावेच लागते, आणि त्या दिवसापासून वेल उघडी पडते. तरी जितके दिवस संसर्ग पुढे ढकलला तितकी गोडी वाचते. फळ धरल्यानंतर झालेली लागण आणि सहा पानांवर असताना झालेली लागण यांत पीक मिळणे आणि न मिळणे एवढा फरक पडतो. महाराष्ट्रात उन्हाळी कलिंगड-खरबुजावर क्रॉप कव्हर वापरणाऱ्या शेतकऱ्यांना हा हिशेब हातचा ठाऊक आहे.

उरली पैदास. सीवायएसडीव्हीविरुद्ध दोन मुख्य स्रोत गाजले. एक झिम्बाब्वेचा टीजीआर-1551, आणि दुसरा भारतातून गेलेला पीआय 313970. हा भारतीय नमुना आंबट खरबुजांच्या गटातला आहे, गोडी नसलेला. बाजारात कुणी विकत घेणार नाही असा. सॅलिनासचे पैदासकार जेम्स मक्क्राइट यांनी त्यात आधी लेट्यूस इन्फेक्शस यलोजविरुद्धची आणि मग सीवायएसडीव्हीविरुद्धची प्रतिकारशक्ती दाखवली. माव्याविरुद्ध आणि झुकिनी मोझॅकविरुद्ध वापरलेला पीआय 414723 हाही भारतीयच, आणि रिंगस्पॉटविरुद्धच्या जुन्या स्रोतांतही भारतीय नमुने आहेत. कोकणातला चिबूड, देशावरची वाळके, बांधावर आपोआप उगवणारी शेंदाडे आणि थरच्या वाळवंटातली काचरी ही सगळी याच खरबुजाची भावंडे. कॅलिफोर्नियातल्या शेताचे भवितव्य ज्या जनुकांवर अवलंबून आहे ते आपल्या माळरानावर वाढले, आणि आपण मात्र ही वाणे झपाट्याने गमावतो आहोत. बिकानेरच्या केंद्रीय शुष्क बागवानी संस्थेने काचरी आणि फुटीचे निवडक वाण काढले हे चांगलेच झाले, पण गावोगावच्या बियांचा संग्रह अजून पुष्कळ व्हायला हवा. ही प्रतिकारशक्ती म्हणजे पूर्ण संरक्षण नव्हे, हेही सांगायला हवे. त्या झाडांतही विषाणू शिरतो, पण हळू वाढतो. वेळ मिळतो, आणि या रोगात मिळालेला वेळ म्हणजेच गोडी. आंबट फळातला हा गुण गोड, जाळीदार, वाहतुकीत टिकणाऱ्या फळात आणायला पिढ्यान् पिढ्या पुनर्संकर करावे लागतात, आणि तोवर विषाणू थांबून राहत नाही.

हा विषय आत्ता निकडीचा का, याचे उत्तर याच ओघात येते. 2018 मध्ये इम्पीरियल व्हॅलीत कुकर्बिट क्लोरोटिक यलोज हा विषाणू ओळखला गेला. 2004 मध्ये जपानमध्ये पहिल्यांदा दिसलेला हा विषाणू तशीच पिवळी पाने दाखवतो, डोळ्यांनी दोघांत फरक करता येत नाही. जुने, जपून ठेवलेले नमुने पुन्हा तपासले तेव्हा कळले की तो त्याआधी काही वर्षे तिथेच होता, दुसऱ्याच्या नावावर खपत होता. आता एकाच वेलीत दोन-तीन विषाणू सापडतात. दुसरीकडे, कोलोरॅडो नदीच्या पाण्याची अधिकृत टंचाई 2021 मध्ये पहिल्यांदा जाहीर झाली. पाणी कमी झाले की पिकांच्या तारखा आणि पडीक जमिनी बदलतील, म्हणजे माशीचा मार्गही बदलेल. मधमाश्यांच्या चिंतेने इमिडाक्लोप्रिड ज्या गटात येते त्या निओनिकोटिनॉइड औषधांवरची बंधनेही वाढत आहेत. युरोपीय संघाने 2018 मध्ये त्यांतल्या तीन प्रमुख औषधांचा उघड्या शेतातला वापर थांबवला.

आणि वाहतूक दोन्ही दिशांनी चालू आहे. भारतात नव्वदच्या दशकात टोमॅटोवर ओळखला गेलेला न्यू दिल्ली लीफ कर्ल विषाणू 2012 मध्ये स्पेनच्या झुकिनीत पोहोचला. मीम-1 माशी 1999 मध्ये कर्नाटकातल्या कोलारला सापडली. मराठीत हे पुस्तक काढण्यामागे हे एक कारण आहे. आपल्याकडचे खरबूज वाळवंटातले नाही, पण ठिबक, मल्चिंग आणि एकापाठोपाठ एक लावणीमुळे आपण किडीला पुरवत असलेले वर्ष तसेच अखंड होत चालले आहे. तरीही अमेरिकेतले उपाय जसेच्या तसे उचलावेत, असे इथे कुणीही सुचवलेले नाही. तिथली शेते शेकडो एकरांची, आपली गुंठ्यांत मोजायची, आणि पिकांचा खंड पाळायचा तर आपल्याकडे शेकडो खातेदारांना एकत्र आणावे लागेल.

पुस्तकाची मर्यादाही सांगतो. बियांतून आणि हाताच्या स्पर्शातून पसरणारा काकडीचा हिरवा मोझॅक, किंवा जमिनीतल्या बुरशीवाटे येणारा खरबुजाचा करपट ठिपक्यांचा विषाणू इथे नाहीत. त्यांचे तर्कशास्त्र निराळे आहे. तुडतुड्यांनी येणारा बीट कर्ली टॉप आणि आपल्याकडच्या कलिंगडाला सतावणारा, फुलकिड्यांनी आणलेला बड नेक्रोसिस यांना तुलनेपुरती जागा दिली आहे. कीटकनाशकांची मात्रा देणारे तक्ते मुद्दामच टाळले. ते दोन वर्षांत जुने होतात आणि लेबलावर काय छापले आहे हेच शेवटी ग्राह्य असते. त्याऐवजी कोणते औषध माशीला रस घेण्यापासून थांबवते आणि कोणते नुसते मारते, हा फरक समजावण्यावर भर आहे.

शेवटचे लेख मिश्र लागणीविषयी आहेत, आणि तिथे लेखकांनी निष्कर्षाची घाई केलेली नाही. सीवायएसडीव्हीला तोंड देणारी वेल क्लोरोटिक यलोजसमोर तशीच उभी राहील, असे धरून चालता येत नाही. प्रत्येक विषाणू वेगळा तपासावा लागतो, मग दोन्ही एकत्र, आणि तेही भर ऑगस्टच्या माशीत, उघड्या शेतात. हे काम सॅलिनास, युमा आणि इम्पीरियल व्हॅलीत चालू आहे. वाचकाने या लेखांपासून सुरुवात केली आणि मग मागे गेला, तरी चालेल.